खेळायचं रान

“दान कुणाला म्हनं?”

झऱ्याच्या कुंडीवर बसलेल्या म्हातारीनं विचारलं, आणि घळीत उतरणारी आमची एकतीस जणांची रांग जागच्या जागी थांबली.

आमच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या होत्या. हातांत नवी फावडी, त्यांच्या दांड्यांवरचा दुकानाचा कागदही अजून निघाला नव्हता. सगळ्यांत पुढं फिरोज तांबोळी आणि मी, दोघांनी दोन टोकं धरून ताणलेला कापडी फलक : ‘श्रमदान शिबिर, पांगारवाडी’. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिच्यामागं उभ्या असलेल्या इंदूनं तो तिला वाचून दाखवला होता. इंदू आमच्या वसतिगृहाच्या खोल्या झाडायची. रोज सकाळी ‘पाय वर घ्या मॅडम’ म्हणणारी इंदू आज पदर खोचून, हाताची घडी घालून उभी होती, आणि माझ्याकडं पाहून हसली नव्हती.

“कुणाला म्हणजे… गावाला, आजी,” मी म्हणाले.

“आजी न्हाई. आत्या म्हन. समदी वाडी हौसाआत्या म्हनती.” म्हातारीनं मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. “आन गावाला दान कशापायी? गाव काय झोळी घिऊन आलं व्हतं तुमच्या दारात?”

फिरोज माझ्या कानाशी कुजबुजला, “वृंदा, फलक गुंडाळ.”

आम्ही फलक गुंडाळला. मागची मुलं टोप्याही काढू लागली.

“टोप्या ऱ्हाऊ द्या,” आत्या म्हणाली. “ऊन हाय.”

याला आता बावीस वर्षं झाली. आमची व्यवस्थापनाची संस्था टेकडीच्या माथ्यावर, पांगारवाडी पायथ्याशी, आणि दोघांच्या मधे ही घळ. घळीच्या पोटात, एका उंबराच्या मुळाशी, बारा महिने वाहणारा झरा. चाळीस उंबऱ्यांचं पिण्याचं पाणी तेवढंच. त्या वर्षी मार्चमध्ये आमचा महोत्सव झाला. तीन दिवस, बाहेरगावची नऊशे मुलं, थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले. चौथ्या दिवशी सगळा परिसर लख्ख, आणि ‘स्वच्छता पूर्ण’ असं लिहिलेल्या कागदावर महोत्सवाची सचिव म्हणून माझी सही. कचऱ्याची पोती गेली कुठं, हे मी विचारलं नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी त्यातली बरीचशी वसतिगृहामागून घळीत लोटून दिली होती. एप्रिलच्या शेवटी वळवाच्या दोन सरींत वरचा कडा ढासळला, माती, दगड, पोती सगळं एकदम खाली आलं आणि झऱ्याचं तोंड बुजलं. इंदू रोज दोन तास उशिरा येऊ लागली. मुकादम तिला जिन्यात सगळ्यांसमोर बोलला, तेव्हा ती म्हणाली, “दोन मैलांवरनं पानी आनून मग येती मी,” आणि तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

आमचे संचालक पळसुले सर वाईट माणूस नव्हते. उलट, त्यांनी लगेच फोन उचलला. “सोमवारी जेसीबी पाठवतो. दोन तासांचं काम आहे.” मंगळवारी नियामक मंडळाची बैठक होती, त्याआधी त्यांना हे मिटवायचं होतं. मी म्हणाले, सर, चूक आमची आहे, आम्हीच साफ करतो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. “रविवारी संध्याकाळपर्यंत. नाही जमलं तर सोमवारी यंत्र.” हे झालं शुक्रवारी सकाळी, आणि शुक्रवारी दुपारी आम्ही टोप्या घालून घळीत उतरलो होतो.

आत्यानं पायाशी पडलेली एक थर्माकोलची ताटली उचलली. तिच्यावर आमच्या महोत्सवाचं नाव छापलेलं होतं.

“ही पत्रावळ कुनाची?”

वर वसतिगृहात कुणाच्या तरी खोलीत गाणं लागलं होतं, ते खालपर्यंत ऐकू येत होतं.

“माझी,” मी म्हणाले. “म्हणजे, माझ्या सहीनं आली इथं.”

“सही करताना बघितलं न्हाईस?”

“नाही.”

“आमच्या इंदीनं बघितलं व्हतं. मुकादमाला म्हनली, हितं टाकू नगा, खाली पानी हाय. तर तो म्हनला, तुझं काम झाडायचं, तेवढं झाड.”

मी इंदूकडं पाहिलं. ती उंबराकडं बघत होती. दीड वर्ष ती माझी खोली झाडत होती. ती सांगेल आणि मी ऐकेन, असं त्या दीड वर्षात एकदाही तिला वाटलं नव्हतं.

“आत्या, आम्हाला काम करू द्या,” मी म्हणाले. “तुम्ही सांगाल तसं करू. नाही तर सोमवारी वरून यंत्र येणार आहे.”

“यंत्र?” म्हातारी उठूनच उभी राहिली. वाळल्या शेंगेसारखं तिचं अंग, पण उभी राहिली तशी मी एक पाऊल मागं सरले. “झऱ्याची शीर कुठनं येती ते यंत्राला कोन सांगनार? एक दनका बसला की पानी खडकात उतरंल. मग शंभर यंत्रं आना, वर येनार न्हाई.”

“म्हणूनच म्हणते, आम्हाला हात लावू द्या.”

“न्हाई.”

“पण का?”

आत्या पुन्हा कुंडीवर बसली. तिच्यामागं वाडीच्या पाच-सहा बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. वाडीतले पुरुष कामाधंद्याला मुंबईत. चार दिवस त्या अठरा जणीच झऱ्याचं तोंड मोकळं करत होत्या, आणि ढिगारा संपत नव्हता. त्यांना हात हवे होते. तरीही.

“अगं पोरी, आज तुमी दान करून जानार,” आत्या म्हणाली, “आन फुडल्या साली वरनं पुन्हा टाकनार. टाकनार बी तुमी, दान करनार बी तुमीच. आमी नुसतं घ्यायचं. आमच्यात दान न्हाई चालत. सावड चालती.”

“सावड म्हणजे?”

उत्तर फिरोजनं दिलं. तो मिरजेकडचा, घरी हळदीचं शेत. “आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. एका दिवसाला एक दिवस. आमच्याकडं हळद काढायला करतात.”

“बघ, ह्याला ठाऊक हाय,” आत्या म्हणाली. “सावडीतला मानूस दुसऱ्याच्या रानात घान टाकत न्हाई. त्याला उद्या तितंच वाकायचं असतं.”

“मग सावड करू,” मी घाईनं म्हणाले. “आज आम्ही तुमच्याकडं, नंतर तुम्ही आमच्याकडं.”

“बरं. तुमच्याकडं काय काम निघतं?”

मी वळून फिरोजकडं पाहिलं.

“खोल्या तर आमची इंदी झाडती,” आत्या बोटांवर मोजू लागली. “सैपाक कंत्राटदाराची मानसं करत्यात. कापडं गाडीवाला न्हेतो. झाडाला पानी घालाया माळी. तुमचं सोताचं काम काय?”

“अभ्यास,” मागून कुणीतरी म्हणालं.

बाया हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. इंदूसुद्धा.

“त्यो आमाला जमायचा न्हाई,” आत्या म्हणाली. “जावा पोरांनो. ज्याला सोताचं रान न्हाई त्याच्यासंगं सावड कशी करायची? आदी काम काढा, मग या.”

आम्ही एकतीस जण कोरी फावडी खांद्यावर घेऊन टेकडी चढलो.

त्या संध्याकाळी भोजनगृहात आमची बैठक बसली. दोन वर्षं आम्ही फळ्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रश्न सोडवत होतो. आता प्रश्न एका ओळीचा होता, आमचं काम काय.

“मला पहिल्या सत्रापासून शंका होती,” फिरोज म्हणाला. “आपल्याला काही काम नाही. आज एका तज्ज्ञ बाईनं शिक्कामोर्तब केलं.”

“सभागृहामागं अजून साठ-सत्तर पोती पडलीत,” मंदार म्हणाला. तो आमच्या वर्गाचा प्रतिनिधी. “घळीत टाकायची राहिलेली. ती वेगळी करायचं काम आहे की. त्यासाठी बोलवू बायांना.”

“आपलं उष्टं त्यांना उचलायला लावायचं?” मी म्हणाले.

“ते तर त्या रोजच करतात,” फिरोज म्हणाला.

शनिवारी सकाळी ती पोती आम्हीच उपसली. नाकाला रुमाल बांधून, ताटल्या एकीकडं, पेले एकीकडं, कुजलेलं अन्न खड्ड्यात. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं आमचा प्रश्न सुटणारही नव्हता. दोन मुलींनी मधेच उलट्या केल्या, तोंड धुतलं, परत येऊन बसल्या. चार वाजता सगळे हातपाय धुऊन वसतिगृहामागच्या मैदानावर आडवे झाले. मैदान म्हणजे आमचं व्हॉलीबॉलचं मैदान. कुणीतरी आडव्या आडव्याच चेंडू उडवला, तो टप्पे घेत कडेला गेला आणि घळीत नाहीसा झाला.

“गेला,” मंदार म्हणाला. “या वर्षातला अकरावा.”

मैदानाची ती बाजू वर्षभरात ढासळत आली होती. मागची चुन्याची रेघ केव्हाच खाली गेली होती, आणि आम्ही चार पावलं आत सरकून खेळत होतो. त्याच तुटलेल्या कडेवरून माती, दगड आणि पोती झऱ्यावर कोसळली होती.

फिरोज उठून बसला. कडेकडं बघत राहिला.

“वृंदा, हे मैदान कुणी केलं?”

“आपणच की. पहिल्या वर्षी.”

आणि मला एकदम आठवलं. संस्थेनं मैदानाला नकार दिला होता, आराखड्यात जागा नाही म्हणून. मग रोज संध्याकाळी तास संपले की आम्हीच काटेरी झुडपं तोडली, दगड वेचले, माती ओढली. माळ्याकडून रूळ मागून आणून फिरवला. बांबू रोवले, जाळी बांधली. कंत्राटदार नाही, मुकादम नाही. त्या सगळ्या टेकडीवर आमच्या हातानं झालेली ती एवढीच जागा होती.

मी बूट न घालताच घळ उतरले. फिरोज मागून ओरडत होता, “अगं चप्पल तरी!”

आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी धापा टाकत सांगितलं, आत्या, आमच्याकडं रान आहे.

“काय पिकतं?”

“काही नाही. खेळतो आम्ही तिथं.”

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा हसणार. तिनं सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि इंदूला हाक मारली. “चल गं. रान बघितल्याबिगर सावड ठरत न्हाई.”

सत्तरी ओलांडलेली ती बाई मधे एकदाच थांबून टेकडी चढली. मैदानावर आली तेव्हा सगळे खडबडून उभे राहिले. तिनं पायानं माती दाबून पाहिली. जाळीला हात लावला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेली.

“कुनी सपाट केलं?”

“आम्ही,” आम्ही म्हणालो.

“येवढी मानसं, आन चेंडू किती?”

“एक,” मंदार म्हणाला. “तोही खाली गेला, आत्या.”

“आमच्या परसात हायेत सात-आठ. वासरं चाटत्यात.” ती तुटलेल्या कडेपाशी गेली. खाली वाकून पाहिलं, मग कडेनं पावलं मोजत चालली. सोळा झाली. “हितं दगडी ताल घालाया पायजे, बांधावानी. पानी अडंल, माती ऱ्हाईल. तुमास्नी येतो का ताल रचाया?”

“नाही.”

“आमास्नी येतो. एक दिस लागंल.” ती इंदूकडं वळली. “हाय गं ह्यांचं रान. खेळायचं का आसंना, रान ते रान.”

मग तिनं माझा हात धरून आपल्या हातावर उताणा ठेवला आणि वरून दुसरा हात दाबला. सावड ठरली ती अशी.

“उद्या आमच्यात,” आत्या म्हणाली. “म्होरल्या ऐतवारी तुमच्यात. आन एक ध्यानात ठेवा, जेवान रानवाल्याचं आसतं. उद्या भाकरी आमची. म्होरल्या ऐतवारी तुमची.”

“कंत्राटदाराला सांगतो…” मंदार सुरू झाला.

“कंत्राटदाराचं रान हाय व्हय हे?”

रविवारी दिवस उगवायच्या आत आम्ही घळीत होतो. माणसांची साखळी लागली, कुंडीपासून वरच्या वळणापर्यंत, एक वाडीची बाई, एक आमच्यातलं, पुन्हा एक वाडीची बाई. घमेली हातोहात वर जात होती. पहिल्या तासात माझ्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या तासात ते फुटले. माझ्या पुढं इंदू होती. तिनं काही न बोलता पदराची पट्टी फाडून माझ्या हाताला बांधली.

“तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,” मी म्हणाले. “पोत्यांचं.”

“तुमी पुस्तकात असायच्या,” इंदू म्हणाली. “पाय वर घ्यायच्या, पन मान न्हाई.”

पुढचं घमेलं आलं. मी ते घेतलं आणि पुढं दिलं.

दहाच्या सुमाराला बायांनी सूर धरला. आत्या सांगायची, बाकीच्या उचलायच्या, आणि त्या लयीवर घमेलीही हलकी व्हायची.

“झऱ्याच्या मुखावरी, कोन बसली रुसून
मायबाई पान्या तुजे, पाय देते मी पुसून.”

दुपारी उंबराखाली भाकरी, ठेचा आणि कांदा. तोपर्यंत पोती निघाली होती, मोठे दगड निघाले होते. पण कुंडीमागचा कातळ कोरडाच होता. फिरोजनं टिकाव उचलला आणि कातळाच्या भेगेवर उगारला. आत्यानं मागून दांडा धरला.

“डोळा फोडशील तिचा.”

“मग कसं करायचं, आत्या? तीन वाजलेत.”

“खुरपं घे. आन बोटं. लेकराच्या नाकातलं काढतात तसं.”

तिथं एका वेळी चारच माणसांना जागा होती. आत्या, इंदू, फिरोज आणि मी. बाकीची एकोणतीस मुलं आणि वाडीच्या बाया वर उतारावर बसल्या, आणि सगळे आमच्या बोटांकडं बघत होते. भेगेत चिकणमाती गच्च बसली होती, तिच्यात थर्माकोलचे साबुदाण्याएवढे पांढरे मणी. एकेक मणी वेचून काढायचा. चार वाजले. पाच वाजले. आत्या मधूनच कातळाला तळवा लावायची आणि मान हलवायची.

कड्यावरून हाक आली. पळसुले सर उभे होते, मावळतीचा सूर्य त्यांच्या पाठीशी.

“वृंदा, काय झालं? मला जेसीबीवाल्याला कळवायचंय!”

मी आत्याकडं पाहिलं. तिचा तळवा कातळावर होता. डोळे मिटलेले.

“गार लागतंय,” ती म्हणाली.

इंदूनं खुरप्याच्या टोकानं एक खडा हलवला. तो सुटला. त्याच्यामागून आधी नुसता ओला डाग आला. मग करंगळीच्या नखाएवढा चिखल सरकला. आणि मग एक धागा. गढूळ, बारीक, अर्धवट, जणू कुणी झोपेत बोलतंय. कातळावरून तो वाकडातिकडा उतरला आणि कुंडीच्या तळाशी पोचला. फिरोजनं ओंजळ पुढं केली, आत्यानं त्याच्या हातावर चापट मारली. “गढूळ जाऊ दे आदी!”

वर उतारावर कुणीतरी रडत होतं आणि कुणीतरी हसत होतं. मी उठून उभी राहिले. कड्याकडं तोंड करून मी जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, “यंत्र नको, सर!”

पुढचा रविवार आला. सकाळी सात वाजता संस्थेच्या मोठ्या फाटकापाशी वाडीच्या अठरा बाया उभ्या राहिल्या, धुवट लुगडी नेसून, पहारी आणि टोपल्या घेऊन. मी धावत गेले तोवर पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं होतं.

“मागच्या फाटकानं या. कामाच्या बायांना मागचं फाटक.”

“कामाला येतो तवा मागनंच येतो, बाबा,” आत्या त्याला म्हणाली. “आज सावडीला आलोय.”

पहारेकऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हातांनी फाटक उघडलं, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत.

दिवसभर ताल उठत गेला. मोठा दगड खाली, लहान वर, मधे कपच्या, चुना नाही, सिमेंट नाही. कुठला दगड कुठं बसेल हे बाया हातात घेऊनच ओळखायच्या. आम्ही दगड पुरवायचो, त्या रचायच्या. फिरोज चुकीचा दगड पुढं करायचा तेव्हा बाया त्याला म्हणायच्या, “व्हय रं सायबा, हा तुझ्या हाफिसात मांड.” आत्या मधे बसून सूर देत होती.

“दगडामागं दगड, मांडते मी निरखून
वृंदा माजी भाचरी, आली डोंगर उतरून.”

माझं नाव कुणाच्या ओवीत येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर माझं नाव फळ्यांवर आलं, पत्रिकांवर आलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर आलं. आज मी अशाच एका संस्थेत शिकवते, तिथं समाजाप्रति जबाबदारी असा एक विषयही आहे. त्या ओवीनंतर मात्र आपलं नाव ऐकून माझे कान असे तापले नाहीत.

एकीकडं आमच्यातली दहा जणं पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. आचारी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता, पण आम्ही त्याला परातीला हात लावू दिला नाही. मसुराची आमटी, भात, वांग्याचं भरीत आणि भाकरी. शंभरावर भाकरी. एकही गोल नाही.

दोन वाजता भोजनगृहात पानं मांडली. बाया दाराशी अडखळल्या. इंदू तर आत यायलाच तयार होईना. ती सवयीनं कोपऱ्यातल्या झाडूकडं बघत होती. आत्यानं तिला दंडाला धरून आणलं आणि सगळ्यांत मधल्या टेबलावर बसवलं. मग एक बाई, एक आमच्यातलं, असे सगळे बसले. साखळीत होतो तसेच.

आम्ही पहिला घास घेणार एवढ्यात पळसुले सर आले. पांढरा सदरा, हातात चष्मा. मैदानाकडूनच आले होते, बुटांना माती लागली होती. ते दारात थांबून सगळीकडं बघत राहिले. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

“मी कुठं बसू?” त्यांनी मला विचारलं.

मी उठू लागले. आत्यानं माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली बसवलं.

“तू ह्यांचा थोरला का?” तिनं सरांना विचारलं.

“हो. म्हणजे… हो.”

“आज काम केलंस?”

मंदारनं डोळे मिटून घेतले होते. सरांनी एकदा आमच्या सोललेल्या हातांकडं पाहिलं, एकदा आपल्या.

“नाही,” ते म्हणाले.

“मग वाढाया घे,” आत्या म्हणाली. “ज्यानं रानात हात लावला न्हाई त्यानं वाढायचं. आमच्यात पाटील बी वाढतो.”

मला अजून आठवतं, सरांनी आधी चष्मा खिशात ठेवला. मग बाह्या दुमडल्या, एक, दोन, कोपरापर्यंत. आचाऱ्यानं पुढं केलेली आमटीची बादली त्यांनी उचलली. सवय नव्हती, बादली डुचमळली, आमटीचे चार थेंब सदऱ्यावर उडाले. ते मधल्या टेबलापाशी आले आणि त्यांनी पहिली पळी इंदूच्या वाटीत ओतली. सहा वर्षं ती त्यांच्या खोलीतलं टेबल पुसत होती. तिनं अंग चोरलं, पदर सावरला, वाटी दोन्ही हातांनी झाकू पाहिली.

“आणखी वाढू?” सरांनी विचारलं.

इंदूनं मान वर केली. आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या सदऱ्यावरच्या डागांकडं. मग वाटीवरचे हात काढले, आणि सगळ्या भोजनगृहाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“वाढा.”